गावातल्या धर्माचा जमाखर्च कसा मांडावा

धर्मानं माणसाचं भलं केलं की वाटोळं, हा वाद एस्टीत, सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या पडवीत दरवर्षी रंगतो आणि जिथून सुरू झाला तिथेच संपतो. एक जण संतांचं नाव घेतो, दुसरा अस्पृश्यतेचं. दोघांचंही खरं असतं. अडचण मापाची आहे. अख्खी माणसं आणि अख्खा इतिहास कुणाच्या मुठीत मावत नाही, एक गाव मात्र मावतं. कोकणातल्या एका गावापुरता हा प्रश्न वहीत उतरवता येतो, मोजता येतो आणि दुसऱ्याला तो तपासूनही बघता येतो. त्याची ही रीत.

माणसं दोन किंवा तीन हवीत. त्यांत एक तरी बाई असावी आणि एक जण शक्यतो गावाबाहेरचा. सामान फार लागत नाही: दोनशे पानी वही, ३० मीटरची टेप, सुतळी, टॉर्च, फोन. काम मार्गशीर्षात सुरू करून मिरगाआधी संपवा, कारण पाण्याचं खरं चित्र एप्रिल-मेमध्येच दिसतं. शिमग्याच्या पंधरवड्यात मुलाखती घेऊ नका. त्या दिवसांत मानपानाचे वाद तापलेले असतात. जो तो आपल्या बाजूचं बोलतो, नाहीतर गप्प राहतो. तेव्हा फक्त बघा आणि टिपा.

वहीत सहा रकाने पाडा. गोष्ट काय आहे. ती कधीपासून आहे आणि हे कशावरून कळलं. फायदा कुणाला. भार कुणावर. धर्माविना हे झालं असतं का. आणि शेवटचा रकाना पुराव्याचा: कागद, मोजमाप की ऐकीव.

तिसऱ्या आणि चौथ्या रकान्याची वजाबाकी करून एक आकडा काढायचा मोह टाळा. असे बहुतेक जमाखर्च इथेच फसतात. तळ्याचं पाणी एका वाडीनं प्यायलं आणि त्याच तळ्यावर दुसऱ्या वाडीला बंदी होती, तर पहिलीचा फायदा दुसरीच्या भारातून वजा होत नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या माणसांचे आहेत. ते शेजारी शेजारी लिहायचे आणि तसेच ठेवायचे.

सुरुवात पाण्यापासून करा

देवळाचं तळं, मशिदीचा हौद, राईतला झरा, चर्चच्या आवारातली विहीर, सगळ्यांची यादी करा. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगानं एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच पाण्यापर्यंतची खोली मोजा. टेपच्या टोकाला वजन बांधा. पहाटे, पंप सुरू व्हायच्या आधी मोजा. दुपारी मोजलं तर उपशामुळे पातळी खाली गेलेली दिसते. जानेवारी ते मे, दर महिन्याच्या १५ तारखेला मोजलं की पाच आकडे मिळतात. तेवढे पुरतात.

मग विचारा की हे पाणी कोण भरत होतं, कोणत्या काठावरून, कधीपासून. इथे हमखास उत्तर येतं, "पूर्वापार असंच आहे." हा शब्द वहीत अवतरणचिन्हांत लिहा आणि त्याच्यामागे लागा. महाडच्या चवदार तळ्याचा सगळा झगडा याच शब्दावर झाला. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं ठीक होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक प्रत्यक्ष पाणी प्यायले, तेव्हा मारहाण झाली आणि मागाहून तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते "शुद्ध" करण्यात आलं. पुढे विरोधकांनी कोर्टात जाऊन बंदी ही जुनी वहिवाट असल्याचा दावा केला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला. अनादी काळापासूनची अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही, हा त्याचा गाभा. म्हणजे धर्माच्या नावानं सांगितलेली रूढी पुराव्यावर तपासता येते आणि ती टिकेलच असं नाही. तुमच्या वहीतला "पूर्वापार" हा शब्दही असाच तपासा. दुसरा रकाना त्यासाठीच आहे.

राई मोजताना

धर्माच्या जमेच्या बाजूला कोकणात सगळ्यात आधी देवराईचं नाव येतं, आणि ते योग्यच आहे. देवाच्या नावानं कुऱ्हाड बंद, वाळलेली फांदीही उचलायची नाही, झाड तोडायचं तर आधी देवाला विचारून कौल लावायचा. या रीतीनं सातवीण, किंजळ, बेहडा, सुरंगी, गारंबीच्या जाड वेली असं बरंच काही शिल्लक राहिलं, ते शेजारच्या डोंगरावर दिसत नाही. पण "राखलं" म्हणून सोडून देऊ नका, मोजा.

राईत पाच आणि राईबाहेर त्याच उतारावर पाच चौकोन आखा, प्रत्येक १० मीटर बाय १० मीटर. कोपरे काटकोनात आहेत का हे बघायला कर्ण मोजा, तो १४.१४ मीटर भरला पाहिजे. जमिनीपासून १.३ मीटरवर ज्याचा घेर ३० सेंटीमीटर किंवा जास्त आहे असं प्रत्येक झाड मोजा आणि गावात म्हणतात तेच नाव लिहा. उतारावर उंचीचं माप वरच्या बाजूनं घ्या. बुंध्याला फळ्यांसारखी पसरट मुळं असतील तर ती संपतात त्याच्या वर घेर घ्या, नाहीतर झाड आहे त्याहून दुप्पट जाड दिसेल. मग खाली वाकून रोपं मोजा. मोठी झाडं भरपूर आणि रोपं जवळपास नाहीत, असं दिसलं तर ती राई म्हातारी होत चालली आहे. गुरं शिरतात, पाचोळा झाडून नेतात, किंवा सभोवती काँक्रीट पडलं आहे. जीर्णोद्धारात देऊळ मोठं होतं, मांडवासाठी आणि गाड्यांसाठी जागा मोकळी केली जाते, आणि ज्या देवानं राई राखली त्याच्याच नावानं ती कमी होते. बुडखे मोजायला विसरू नका.

इथे एक मोठी चूक होते. राईजवळच्या विहिरीला मे महिन्यात पाणी आहे, म्हणून राईमुळे पाणी टिकलं असं लगेच लिहिलं जातं. अनेकदा आधी झरा होता आणि झऱ्यापाशी देव बसला. जांभा दगड पाणी पटकन शोषतो आणि पटकन सोडतोही; त्यामुळे झरा कुठे फुटतो हे खालच्या थरावर ठरतं. तुलना करायची तर तशाच उंचीवरची, तशाच दगडातली, राईपासून दूरची विहीर निवडा. तशी विहीर सापडली नाही तर पाचव्या रकान्यात "ठरवता आलं नाही" लिहा. हे लिहायला लाजू नका.

भाराचा रकानाही भरा. वाळकं लाकूडही नाही म्हटल्यावर सरपणासाठी कोणाला लांब जावं लागलं? राईच्या आतल्या भागात बायकांना मज्जाव आहे का? भीतीनं राखलेलं जंगल हेही राखलेलंच, पण ती भीती कोणी वाहिली हे लिहिलेलं असावं.

कागद कुठे मिळतात

तलाठ्याकडे सातबारा आणि जुने फेरफार बघा. देवस्थान इनाम जमिनी इनाम वर्ग ३ म्हणून नोंदलेल्या असतात. इतर हक्काच्या रकान्यात देवाचं नाव शोधा. देवस्थानचा नोंदणीकृत न्यास असेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात अर्ज करून नोंदणी उतारा आणि वार्षिक हिशेबाच्या नकला मागा. यांतला जमाखर्च परिशिष्ट ९ मध्ये असतो आणि तो कामाचा आहे, कारण न्यासाच्या उद्दिष्टांवरचा खर्च त्यात वेगवेगळ्या शीर्षकांखाली दाखवावा लागतो: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य, इतर धर्मादाय. लागोपाठ दहा वर्षांचे हे पाच आकडे एका पानावर उतरवा. गावात कितीही वाद असो, हे पान बोलतं. सिंधुदुर्गातली बरीच देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत, तिथली चौकशी कोल्हापूरला करावी लागते.

दगडही कागदच आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानतात. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि त्यात देवीच्या नावे दिलेल्या धान्याची नोंद आहे. त्याआधी किती तरी वर्षं कान्हेरीच्या लेण्यांत दात्यांनी पाण्याच्या टाक्या खोदवल्या आणि "पोढी" म्हणून भिंतीवर कोरून ठेवल्या. तुमच्या गावात गधेगळ (दान मोडणाऱ्याला गाढवाचा शाप कोरलेला दगड) किंवा लेख असलेला दगड असेल तर त्यावर खडू, पीठ, तेल काही लावू नका. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडा, अंधार पडल्यावर टॉर्च अगदी बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकवून धरा आणि फोटो घ्या. अक्षरं सावलीत उठून दिसतात. शेंदूर असेल तर खरवडू नका.

माणसांशी बोलताना

मानकऱ्यांपासून सुरुवात केली तर गावभर बातमी जाते की हे अमक्याकडून आलेत, आणि पुढची सगळी उत्तरं वाकडी होतात. उलट्या टोकापासून सुरू करा. बौद्धवाडी, मोहल्ला, कातकरी वाडी, मग गुरव, घाडी असे देवाचे सेवेकरी, आणि शेवटी गावकर म्हणजे मुख्य मानकरी. बायकांशी बाईनंच बोलावं, दुपारी, घरातले पुरुष नसताना.

"तुम्हाला देवळात येऊ देतात का?" असं विचारू नका; उत्तर "हो" येतं आणि विषय मिटतो. "पालखी तुमच्या वाडीत कुठवर येते, कुठे टेकते?" "गाऱ्हाणं घालताना तुम्ही कुठे उभे असता, तुमची आजी कुठे असायची?" "नवरा गेल्यावर ओटी भरायला बोलावणं येतं का?" अशा प्रश्नांना जागेचं आणि वर्षाचं उत्तर मिळतं. आजारपणाचंही विचारा. साप चावला तेव्हा पहिले दोन तास कुठे गेले, मांत्रिकाकडे की सरकारी दवाखान्यात? प्रतिविष दवाखान्यातच असतं, म्हणून वेळ तासांत लिहा.

वाळीत टाकल्याच्या गोष्टी निघतील. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा दापोलीजवळच्या मुरूडनं, त्यांच्याच गावानं, त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्याआधी याच गावासाठी त्यांनी मुरूड फंड उभारला होता. आजची गोष्ट असेल तर वहीत नावं, घर नंबर काहीही लिहू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कुटुंबाला हे सांगा, आणि तक्रार करायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.

मोहल्ल्यात जकातीचा पैसा कुठे जातो ते विचारा. बौद्धवाडीत १९५६ नंतर काय बदललं ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. विहार, मुलांचे अभ्यासवर्ग, मुंबईच्या मंडळानं पाठवलेला पैसा, हे सगळं जमेला येतं. एक धर्म सोडून दुसरा घेतल्यानं झालेला फायदा धर्माच्या खात्यावर मांडायचा की धर्म सोडण्याच्या? आमच्या मते दोन्हीकडे, वेगवेगळ्या ओळींत.

सहज निसटणारी जमा

दशावतार, नमन-खेळे या लोकनाट्यांना जत्रांनी प्रयोगाच्या रात्री दिल्या, आणि रात्री म्हणजे कलाकाराची कमाई. एका कंपनीला कार्तिकापासून किती रात्री मिळतात ते मोजा. मिशनच्या शाळा मोजा. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले आणि मे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. रत्नागिरीचं पतितपावन मंदिर १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या पैशानं उभं राहिलं, सर्व जातींसाठी. म्हणून सुधारणेची प्रत्येक ओळ धर्माच्या विरुद्ध टाकू नका. पुष्कळदा भांडण धर्माच्या अंगणातच झालं. मात्र गोव्यातलं इन्क्विझिशन, १५६० ते १८१२, यालाही धर्माचंच नाव होतं. सिंधुदुर्गातल्या अनेक घरांचं कुलदैवत गोव्यातल्या फोंड्याला का आहे हे विचारलं तर देव तिकडे हलवावे लागले तो काळ समोर येतो.

पाचवा रकाना शेवटी भरा

मालवणजवळच्या आचऱ्याची गावपळण घ्या. काही वर्षांच्या अंतरानं सगळं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस तीन रात्री उघड्यावर राहतं. सगळे शेजारी एकत्र राबतात आणि एकत्र जेवतात, हा फायदा दिसतो, तो लिहा. पण "रोगराई जावी म्हणून पूर्वजांनी शास्त्र जाणून केलं" हे स्पष्टीकरण मागाहून सुचलेलं असू शकतं. कागद नसेल तर ते "ऐकीव" मध्येच राहू द्या. चांगल्या प्रथेला उसनं शास्त्र चिकटवलं की खरा फायदाही संशयात येतो.

"धर्माविना झालं असतं का" याला एकच उपाय बरा चालतो: शेजारचं असं गाव शोधा जिथे ती गोष्ट नाही, किंवा तीच गोष्ट दुसऱ्या वाटेनं आली. देवळाचं तळं आणि लोकल बोर्डाची (इंग्रजी अमलातल्या स्थानिक मंडळाची) विहीर. देवस्थानचं मंडळ आणि मुंबईतलं नुसतं गावमंडळ. दोन्हीकडचा तोच आकडा घ्या. फरक दिसला तर लिहा, नाही दिसला तरी लिहा.

वही पूर्ण झाली की तीन प्रती काढा. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक वाचनालयात. प्रत्येक पानाची उजवी बाजू कोरी ठेवा. ज्याला नोंद चुकीची वाटेल त्यानं तिथे तारीख घालून आपलं म्हणणं आणि पुरावा लिहावा. मूळ ओळ खोडायची नाही.