दोन अँटीव्हायरस आणि दमलेला डेस्कटॉप

परभणीत आमच्या घरी २०१४ चा डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. सातबारा काढणं, पोरीचा अभ्यास, सगळं त्यावरच. दिवाळीनंतर तो इतका रखडायला लागला की बटण दाबून चहा ठेवावा, पिऊनही व्हावा, तरी पडद्यावर चक्र फिरतंच.

टास्क मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरवर कशाचा किती ताण आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला तर डिस्कवरचा ताण १०० टक्के. एक विकतचा अँटीव्हायरस होताच. कुठल्याशा फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत दुसराही घुसलेला. दोघंही तीच फाइल तपासत बसायचे! दोन्ही काढून टाकले. रीस्टार्ट केल्यावर विंडोज १० मधलाच अँटीव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू झाला. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं मत.

पण विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपले होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं, ते आमच्या जुन्या डब्यात कुठलं? मग विंडोजच्या जागी चालणारं मोफत लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घेतलं. इन्स्टॉल न करता आधी तसंच चालवून पाहिलं. वायफाय, प्रिंटर दोन्ही चालले, तेव्हा कुठं फोटो-कागदपत्रं दुसरीकडं काढून ते कायमचं टाकलं. मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही त्यात मिळाला.

एक्सेलच्या जागी आता लिबरऑफिस आहे. बायको अजून कुरकुरते, "अहो, बेरजेचं बटण कुठं गेलं?"