पोर्टल काढताय? ‘नाही’ कुठं पडतंय ते आधी बघा

परभणीत बसून गेली अकरा वर्षं मी तालुक्या-तालुक्यातल्या बातम्यांच्या साइट बांधून देतो. गिऱ्हाईक बदलतं, चुका त्याच. महिन्यातून एकदा तरी फोन येतो, "भाऊ, साइट झकास झालीय, पण माणूस थांबंना अन् पैसा येईना." साइट उघडली की पहिल्या मिनिटात सगळं ओळखीचं दिसतं.

सगळ्यात महागात पडलेली चूक आधी सांगतो: मथळा कापणं.

विकत आणलेल्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, होमपेजवर प्रत्येक बातमीला दोन ओळींची चौकट असते. मथळा लांबला की थीम शेपूट कापते आणि तीन टिंबं लावते. थीम करणाऱ्याच्या डोक्यात इंग्रजी वाक्य असतं. त्या वाक्यात होकार-नकार निम्म्या वाटेच्या आतच येऊन जातो, त्यामुळं शेपूट गेलं तरी बिघडत नाही. आपलं क्रियापद शेवटी आणि ‘नाही’ त्याच्याही मागं.

गोदाकाठच्या एका गावातलं पोर्टल होतं. सप्टेंबर महिना, जायकवाडी काठोकाठ, २७ दरवाजांपैकी काही उघडलेले. संपादकांनी संध्याकाळी बातमी टाकली, ‘पाणलोटात पाऊस ओसरला, जायकवाडीतून आज रात्री विसर्ग वाढवणार नाही’. मोबाइलवर दिसलं एवढंच, ‘पाणलोटात पाऊस ओसरला, जायकवाडीतून आज रात्री विसर्ग वाढवणार…’. २००६ चा पूर डोळ्यांनी पाहिलेली माणसं ती. टिंबांच्या पुढं काय आहे हे बघायला ती थांबत नाहीत. दोन वस्त्यांनी रात्रीच जनावरं सोडून माळावर नेली. साडेनऊला संपादकांचा फोन आला, "अहो, लोक मला शिव्या द्यायलेत. म्हणतात, तुम्ही ‘नाही’ लिहिलंच नाही. मी तर लिहिलंय!" दोघंही खरंच बोलत होते. स्क्रीनशॉट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर फिरत राहिला, आणि स्क्रीनशॉटवर बोट ठेवून काही पुढची बातमी उघडत नाही.

ती चूक माझी होती. सगळ्या चौकटी एका उंचीच्या दिसाव्यात म्हणून दोन ओळींची मर्यादा मीच घातली होती. तेव्हापासून मी मराठी मथळा कापत नाही. चौकटी खालीवर होतात, होऊ देतो. कुणी म्हणालं की पुण्यातल्या साइटवर सरळ रांग दिसते, तर मी म्हणतो, पुण्यात नेऊन करा. आणि संपादकांना एक सवय लावतो: नकार पुढं घ्या. ‘जायकवाडी: आज विसर्गवाढ नाही’. नोटिफिकेशनमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या झलकेत कापायचं काम फोन करतो, तिथं तुमचं काही चालत नाही. त्यामुळं ही सवय लिहिणाऱ्याच्याच हातात हवी.

त्यातलाच धाकटा भाऊ म्हणजे बाइट मोजून उतारा कापणं. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट, म्हणजे साठवणीचे ३ कप्पे, घेतं. शंभराव्या बाइटवर कात्री लावली की अक्षर मधोमध तुटतं आणि शेवटी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटतं. शब्द मोजून कापा, सुटला विषय.

ओळींमधलं अंतर थीमनं अक्षराच्या आकाराच्या १.२ पट दिलेलं असतं. त्यात वरचा रफार अर्धा उडतो आणि खालचा उकार पुढच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. मी १.६ च्या खाली उतरत नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी लावतो आणि दुसऱ्या फॉन्टच्या हौसेला नाही म्हणतो. मथळ्याच्या अक्षरांमध्ये जागा सोडायची फॅशन तर मुळीच नको, शिरोरेघ तुटून मथळा दात पडल्यासारखा दिसतो.

डीटीपीवाल्याकडून आलेला श्रीलिपीतला, म्हणजे छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड (सगळीकडं वाचता येणारी अक्षरं) न करता चिकटवणं: अजूनही होतं, आणि गूगलच्या लेखी ती बातमी नसतेच. अख्खी बातमी रंगीत कार्डावर फोटो करून टाकणं: तेच. मित्रमंडळींना सांगून स्वतःच्याच साइटवरच्या ॲडसेन्सच्या (गूगलकडून येणाऱ्या) जाहिरातींवर क्लिक करवून घेणं: खातं बंद होतं, आणि नंतर मी काही करू शकत नाही. शंभर डॉलर जमेपर्यंत गूगल पैसे सोडत नाही. तेवढाही धीर नसेल तर किराणा दुकान टाकलेलं बरं.

जाहिरातीला जागा राखून न ठेवणं ही चूक वाचकाला सगळ्यात जास्त छळते. माणूस दुसरा परिच्छेद वाचतोय, तेवढ्यात वरून वाढदिवसाचा बॅनर येऊन पडतो, मजकूर खाली सरकतो आणि बोट भलत्याच ठिकाणी लागतं. बॅनर यायच्या आधीपासून तेवढी मोकळी चौकट पानावर ठेवा. ऑफिसच्या वायफायवर हे कळत नाही. माजलगावच्या एसटी स्टँडवर बसून, साध्या फोनवर उघडून बघा.

आता पैशाचं.

लातूरच्या एका पोर्टलच्या मालकांचा पुतण्या इंजिनियरिंग करून आला आणि पहिल्याच बैठकीत म्हणाला, "काका, न्यूयॉर्क टाइम्ससारखा मीटर लावू." मीटर म्हणजे महिन्याला ठरावीक लेख फुकट, पुढचे वर्गणी भरून. टाइम्सनं मार्च २०११ मध्ये मीटर लावला तेव्हा महिन्याला २० लेख फुकट ठेवले होते, दुसऱ्या वर्षी ते १० केले. आणि त्या आधी १८५१ पासून पेपर काढला होता. या पठ्ठ्यानं दुसऱ्याच महिन्यात ३ वर आणलं. वर कुलूप कशाला, तर सोयाबीनच्या भावाला! लातूरच्या आडत बाजारातला भाव म्हणजे सौदा झाल्याबरोबर मुनिमाच्या चिठ्ठीचा फोटो दहा ग्रुपवर गेलेला असतो. तीन महिन्यांत १९ वर्गणीदार झाले, त्यातले सहा सोयरे. मी आधी सांगितलं होतं, पण मला पुतण्याएवढं इंग्रजी येत नाही.

भाव, हवामान, अपघात, विसर्ग हे फुकटच ठेवा, त्यानं माणूस रोज येतो. वर्गणी मागायची ती ज्यासाठी कुणीतरी स्वतः उठून गेलंय त्याची: ग्रामसभेत काय झालं, पीकविमा कुणाच्या खात्यात अडकला, झेडपीच्या कामांचं टेंडर कुणाला गेलं. माझ्या अनुभवात हे विकत घेणारा गावात कमी आणि हडपसर-चिंचवडला जास्त असतो. नोकरीला गेलाय, पण गावातलं राजकारण सुटत नाही. साइट त्याच्यासाठी मांडा: तालुका आणि गाव निवडायची सोय वरच द्या, चौथ्या मेन्यूत लपवू नका.

दरमहा २९ रुपये ठेवायचा मोह सोडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप पैसे कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. म्हणजे २९ रुपयांसाठी तुम्ही त्याला वर्षातून बारा वेळा आठवण करून देणार की बंद करायचं राहिलंय. वार्षिक वर्गणी ठेवा, आणि मागणी दिवाळीच्या आसपास करा, सोयाबीनचे पैसे हातात असतात तेव्हा. आकडा ५०१. ती ४९९ ची युक्ती मॉलमध्ये ठीक, वर्गणी ५०१ चीच असते.

कुलूप लावलंच, तर ते सर्व्हरवर लावा. जावास्क्रिप्टनं, म्हणजे वाचकाच्याच फोनवर चालणाऱ्या कोडनं, झाकलेला मजकूर ब्राउझरमध्ये दोन मिनिटांत उघडा पडतो. आणखी एक गोष्ट हमखास राहते: फेसबुकवरून लिंक उघडली की ती फेसबुकच्याच ब्राउझरमध्ये उघडते, तिथं क्रोममधलं लॉगिन चालत नाही. पैसे भरलेल्याला पुन्हा ‘वर्गणी भरा’ दिसतं आणि तो भडकतो. मोबाइल नंबर आणि ओटीपी एवढंच लॉगिन ठेवा, पासवर्ड कुणाच्या लक्षात राहत नाही.

ऑनलाइन पैसे घेऊन देणारे पेमेंट गेटवे साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतात, म्हणजे ५०१ वर बारा रुपयांच्या आत. तेही वाचवायला एका संपादकांनी साइटवर बायकोच्या खात्याचा क्यूआर टाकला. आता वर्गणी, भिशी आणि दुधाचे पैसे एकाच यादीत. नाव दिसतं, नंबर दिसत नाही, आणि गावात त्याच नावाची चार माणसं. मागच्या रविवारी मी आणि ते वही घेऊन बसलो. सात जण अजून सापडलेले नाहीत. पैसे जमा आहेत, आणि साइट त्यांना रोज ‘वर्गणी भरा’ म्हणतेय.