फँटम हेडवर क्लास टू: बीडीएसच्या दुसऱ्या वर्षासाठी

बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षाची इंटर्नशिप. पेशंटच्या तोंडात हात जातो तो तिसऱ्या वर्षी. त्याआधी पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचे; दुसऱ्या वर्षी आधी प्लास्टरच्या मोठ्या दातांवर आणि मग फँटम हेडमधल्या (सरावाचं नकली डोकं) टायपोडॉन्टवर (प्लास्टिक दातांचा जबडा) कॅव्हिटी, म्हणजे फिलिंगसाठीचे खड्डे, कापायच्या. प्री-क्लिनिकल कॉन्झर्व्हेटिव्हला, म्हणजे दात भरण्याच्या या सरावाच्या विषयाला, लेखी पेपर नाही, फक्त प्रात्यक्षिक आणि व्हायवा. त्यामुळे पाठांतरावर निभावत नाही. क्लास वन, म्हणजे फक्त वरच्या खाचांमधली कॅव्हिटी, बहुतेकांना जमते. क्लास टू दाढेच्या शेजारच्या दाताकडच्या बाजूवर जाते, त्यामुळे तो दात आड येतो आणि खरी परीक्षा तिथे होते. खाली उजव्या बाजूच्या खालच्या पहिल्या दाढेची, म्हणजे ४६ ची, अमाल्गमसाठीची (पारा मिसळलेलं धातूचं फिलिंग) मेझिओ-ऑक्लुझल कॅव्हिटी, म्हणजे चावण्याचा पृष्ठभाग (ऑक्लुझल) आणि पुढच्या दातांकडची बाजू (मेझिअल) मिळून होणारी, घेतली आहे.

आधी बसणं. उजव्या हाताने काम करणाऱ्याने ४६ साठी घड्याळाच्या सात ते नऊच्या दरम्यान बसावं. डोकं असं टेकवा की तोंड उघडल्यावर खालची दातओळ साधारण जमिनीला समांतर येईल. अनामिका पुढच्या दातांवर टेकलेली हवी. बोट टेकलेलं नसेल तर एअरोटर (हवेवर फिरणारं ड्रिल) हातात नाचतो, आणि मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारा बर (ड्रिलची कापणारी सुई) चूक दुरुस्त करायला वेळ देत नाही. मान वाकडी करून दात बघायची सवय लागली तर तीच पुढे क्लिनिकमध्ये पाठदुखी होऊन बसते. माऊथ मिरर आत्तापासूनच वापरा.

बर २४५ नंबरचा कार्बाइड. याची मापं लक्षात ठेवा: रुंदी ०.८ मिमी, कापणाऱ्या टोकाची लांबी ३ मिमी. म्हणजे अर्धं टोक आत गेलं की खोली १.५ मिमी. बरच तुमची मोजपट्टी आहे. टायपोडॉन्टच्या साध्या प्लास्टिक दातात इनॅमल आणि डेंटिन वेगळं कळत नाही, त्यामुळे इथे मापाशिवाय दुसरा आधारच नसतो.

पेन्सिलने आउटलाइन काढा. डिस्टल पिटमध्ये (मागच्या बाजूच्या खळग्यात) बर दाताच्या अक्षाला समांतर धरून आत घाला आणि तीच खोली राखत मध्यखाचेवरून मेझिअलकडे या. सेंट्रल ग्रूव्हपाशी १.५ मिमी, कस्पच्या (दाढेच्या उंचवट्यांच्या) बाजूच्या भिंतींपाशी साधारण २ मिमी. रुंदी दोन कस्पच्या टोकांमधल्या अंतराच्या पाव भागाएवढीच. त्याहून वाढली की कस्प कमकुवत होतात. डिस्टल मार्जिनल रिज (मागच्या कडेचा कंगोरा) किमान २ मिमी जाड राहू द्या. बकल (गालाकडच्या) आणि लिंग्वल (जिभेकडच्या) भिंती वरच्या दिशेने किंचित एकमेकींकडे झुकलेल्या हव्यात. त्या बाहेर उघडल्या तर फिलिंग धरून ठेवायला काहीच उरत नाही. मूठ सैल झाली की नेमकं हेच होतं.

आता बॉक्स, म्हणजे शेजारच्या दाताकडच्या बाजूला खाली उतरणारा भाग. मेझिअल रिज पूर्ण तोडू नका, बाहेरून सुमारे ०.८ मिमी जाडीची पातळ भिंत ठेवा. तिच्या आतल्या बाजूने बर झोक्यासारखा बकल-लिंग्वल फिरवत हिरडीकडे उतरा. खऱ्या दातात बरच्या रुंदीतला सुमारे ०.५ मिमी भाग डेंटिनमध्ये आणि ०.३ मिमी इनॅमलमध्ये चालतो. अॅक्सिअल भिंत (बॉक्सची आतली उभी भिंत) सपाट न कापता दाताच्या बाहेरच्या गोलाईप्रमाणे वळवा. नाहीतर मध्यभागी पल्प (दाताची नस) जवळ येतो.

कॉन्टॅक्टच्या (दोन दात एकमेकांना टेकतात त्या जागेच्या) खाली पोचलात की उरलेली पातळ पापडी बरने कापू नका, हॅचेट किंवा चिझल या हातहत्याराने मोडा. शेजारच्या दातावर ओरखडे पडतात ते बहुतेक याच क्षणी, पापडी उडवायच्या घाईत. सुरुवातीला शेजारच्या दाताला मॅट्रिक्स बँडचा (पातळ धातूच्या पट्टीचा) तुकडा लावून ठेवा. खऱ्या तोंडात त्या ओरखड्यात प्लाक साचतो आणि तिथे नवी कीड लागते, म्हणून परीक्षक आधी शेजारचाच दात बघतात.

शेवटी बॉक्सचा तळ शेजारच्या दातापासून ०.५ मिमी सुटलेला हवा, बाजूच्या कडा ०.२ ते ०.३ मिमी. एक्सप्लोररचं (तपासायच्या टोकदार सुईचं) टोक फिरवून बघा. बकल भिंतीला उलटं वळण द्या, म्हणजे कडेला ९० अंशांचा कोन मिळतो. अॅक्सिओपल्पल कोपरा (वरच्या भागाचा तळ आणि बॉक्सची आतली भिंत मिळतात तो) जिंजायव्हल मार्जिन ट्रिमर या हातहत्याराने बोथट करा. धारदार राहिला तर चावण्याचा ताण तिथे एकवटून अमाल्गम मानेपाशी, म्हणजे वरचा भाग आणि बॉक्स जुळतात तिथे, तुटतं. तळाला आधार नसलेलं इनॅमलही त्याच हत्याराने काढतात.

भरताना मॅट्रिक्स बँड धरायला, एकाच बाजूच्या कॅव्हिटीला आयव्हरी नंबर १ किंवा टॉफलमायर रिटेनर चालतो. बँड मार्जिनल रिजपेक्षा १ ते २ मिमी वर. वेज (दोन दातांमध्ये बसवायची पाचर) विसरलात तर अमाल्गम खाली हिरडीकडे सरकून ओव्हरहँग (बाहेर आलेली कड) होतो, आणि तो नंतर काढणं कॅव्हिटी कापण्याहून त्रासाचं. वेज लावल्यावर आतून कॉन्टॅक्टपाशी बँड बर्निश करा (घासून दाताला चिकटवा). अमाल्गम थोडं थोडं घाला, बॉक्सच्या कोपऱ्यांपासून दाबत या. मार्जिनल रिज शेजारच्या रिजच्या उंचीला आणा. बँड सरळ वर ओढू नका; कंडेन्सरने (अमाल्गम दाबायच्या हत्याराने) रिजला आधार देऊन तिरका, बाजूने सरकवत काढा. उरलेलं अमाल्गम झाकणबंद बरणीत टाका, बेसिनमध्ये नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. सही टप्प्याटप्प्याने घ्या: ऑक्लुझल भाग झाल्यावर, बॉक्स झाल्यावर, मॅट्रिक्स लावल्यावर. अमाल्गम भरल्यानंतर खाली काय कापलं होतं ते सर-मॅडमना दाखवता येत नाही, आणि मग नवा दात बसवून सगळं परत कापावं लागतं.