मायनिंगसाठी पॉवर सप्लाय घेताय? या चुका टाळा

मायनिंग रिग, म्हणजे क्रिप्टोकरन्सी मिळवायला चोवीस तास आकडेमोड करणारा अनेक ग्राफिक्स कार्डांचा संगणक, बंद पडला की माणूस आधी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतो, मग मदरबोर्डवर, मग सॉफ्टवेअरवर. पॉवर सप्लायचं नाव सगळ्यात शेवटी निघतं. माझ्याकडे आलेल्या रिगमध्ये मात्र दोष बहुतेक वेळा तिथेच सापडलाय, नाहीतर तिथून निघालेल्या वायरीत. कार्ड कोणतं घ्यायचं यावर महिनाभर डोकं लावणारी माणसं सप्लाय शेवटच्या दिवशी, उरलेल्या पैशांत उरकतात. डब्यावरचा वॅटचा आकडा बघितला की झालं. ती वीज कुठल्या वायरीतून आणि कुठल्या पिनेतून जाणार, हे कोणी विचारत नाही. जळतं नेमकं तेच.

रायझरला साटा कनेक्टर लावणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की कोणी रिगचा फोटो पाठवला तर माझी नजर आधी रायझरकडे जाते. कार्ड मदरबोर्डपासून दूर बसवायला मधे जो जोड लावतात तो रायझर, आणि त्याला वीज वेगळी द्यावी लागते. साटा म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारा कनेक्टर.

एका रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. "दादा, खोलीत प्लास्टिक जळल्यासारखा वास येतोय. पण रिग चालू आहे, हॅशरेट पण बरोबर दिसतोय. काय करू?" हॅशरेट म्हणजे रिगचा मायनिंगचा वेग. म्हटलं, आधी भिंतीवरचं बटण बंद कर, मग पुढचं बोल. सकाळी जाऊन पाहिलं. सहा कार्डं, सहा रायझर, आणि प्रत्येक रायझरला साटाचा अडॅप्टर. एकाच केबलवर तीन-तीन रायझर ओवलेले. मधला कनेक्टर काळ्याचा तपकिरी झाला होता, त्याची एक कड मेणासारखी ओघळली होती. ओढून निघेना, कारण पिना वितळलेल्या प्लास्टिकमध्ये रुतून बसल्या होत्या. शेवटी वायर कापावी लागली. पिवळ्या वायरीचं वेष्टन कनेक्टरपासून बोटभर अंतरापर्यंत कडक झालं होतं, वाकवलं की तडकत होतं. खाली लाकडी फ्रेम होती, तिच्यावर नाण्याएवढा काळा डाग. त्या रात्री तो जागा होता म्हणून वास तरी आला.

आता हिशेब बघा. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि एका पिनेची मर्यादा दीड अॅम्पियर. म्हणजे साडेचार अॅम्पियर, ५४ वॅट. हार्ड डिस्कसाठी ते भरपूर आहे. पण कार्डाला स्लॉटमधून, म्हणजे ते बसतं त्या खाचेतून (इथे रायझरमधून), ७५ वॅटपर्यंत वीज ओढायची मुभा आहे, त्यातले ६६ वॅट एकट्या १२ व्होल्टवर. म्हणजे एका रायझरलाच साटा अपुरा. तीन रायझर एका केबलवर टाकले तर सप्लायकडून येणाऱ्या एकाच पिवळ्या वायरीतून साडेसोळा अॅम्पियर जाऊ शकतो.

यावर नवशिक्यांचं उत्तर ठरलेलं असतं: "माझं तर दोन महिने व्यवस्थित चाललंय." चालतं, कारण सगळी कार्डं स्लॉटमधून पूर्ण ७५ वॅट ओढत नाहीत. बरीचशी वीज वरच्या वेगळ्या कनेक्टरमधून घेतात. मग एक दिवस कार्ड बदलतं, सेटिंग बदलते किंवा उन्हाळा लागतो. पिन थोडी तापते, तापली की तिची पकड सैल होते, सैल झाली की जोडाचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की ती आणखी तापते. एका पिनेतून ८ अॅम्पियर जात असेल आणि जोड घट्ट असेल, रोध समजा ०.००५ ओहम, तर तिथे वॅटचा तिसरा हिस्सा उष्णता होते. तोच जोड सैल होऊन ०.०५ ओहमवर गेला की तीन वॅटच्या वर. तांदळाएवढ्या धातूवर तीन वॅट, चोवीस तास. सप्लायला यातलं काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट पहिल्याइतकाच आहे. त्यामुळे त्याचं संरक्षणही काही करत नाही. हॅशरेट बरोबर दिसत होता तो याचमुळे.

रायझरच्या डब्यात साटाचा अडॅप्टर येतो, म्हणून तो वापरायचाच असतो असं लोक धरून चालतात. मी डबा उघडल्यावर पहिलं काम म्हणजे तो अडॅप्टर कापून टाकतो, म्हणजे घाईगर्दीत कोणाच्या हाती लागायला नको. रायझर सहा पिनवाला घ्या आणि त्याला सप्लायची पीसीआय-ई केबल, म्हणजे ग्राफिक्स कार्डांना वीज देणारी, थेट लावा. एका केबलवर जास्तीत जास्त दोन रायझर. सप्लायला तेवढे कनेक्टर नसतील तर तो सप्लाय त्या रिगसाठी नाही. अडॅप्टर जोडून कनेक्टरची संख्या वाढते, वायरीची ताकद वाढत नाही.

एकाची केबल दुसऱ्याला

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या बाकावर घडलेली आहे आणि तिची किंमत मी मोजली आहे. मॉड्युलर सप्लाय होता, म्हणजे केबली सुट्ट्या निघणारा. तो गेला, वॉरंटीत बदलून त्याच कंपनीचा नवा आला. मॉडेल वेगळं, पण कंपनी तीच. जुन्या केबली रिगमध्ये नीट बांधून ठेवल्या होत्या. त्या सोडवून पुन्हा बांधायचा कंटाळा केला आणि नव्या सप्लायला जुन्याच केबली लावल्या. खटकन बसल्या. बटण दाबल्यावर एक बारीक 'टक' आवाज झाला आणि एसएसडी गेली. मीटर लावून पाहिलं तर जिथे ५ व्होल्ट हवे होते तिथे १२ येत होते.

कार्डाच्या किंवा ड्राइव्हच्या बाजूचा कनेक्टर प्रमाणित असतो. सप्लायच्या बाजूचा नसतो. कुठल्या खाचेत कुठला व्होल्टेज द्यायचा हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही तो क्रम बदललेला असतो. कनेक्टरचा आकार मात्र तोच राहतो, त्यामुळे केबल बसते. बसली म्हणजे जुळली असं कधीही समजू नका.

तेव्हापासून माझी सवय अशी: सप्लाय डब्यातून काढला की त्याच्या प्रत्येक केबलवर एका रंगाची चिकटपट्टी आणि सप्लायच्या अंगावर त्याच रंगाची पट्टी. न लागणाऱ्या केबली त्याच सप्लायच्या डब्यात जातात. 'सुट्ट्या केबली' नावाची पिशवी मी ठेवतच नाही. जुना सप्लाय केबलींशिवाय मिळत असेल तर घेत नाही, कितीही स्वस्त असो. आणि शंका असेल तेव्हा केबलच्या टोकाला काहीही न लावता सप्लाय चालू करून मल्टिमीटरने पिना तपासतो. पाच मिनिटांचं काम आहे.

वॅटचा हिशेब अर्धवट करणं

समजा सहा कार्डं, प्रत्येकी १३० वॅट. झाले ७८०. मदरबोर्ड, प्रोसेसर, पंखे मिळून ८० धरा. एकूण ८६०. लोक इथे थांबतात आणि ८५० चा सप्लाय घेऊन येतात, "दहा वॅटनं काय होतंय" म्हणत. संगणकावर खेळ खेळताना सप्लायवर पूर्ण भार काही तास येतो, तोही चढउतार होत. मायनिंगमध्ये तो वर्षाचे ८,७६० तास एकसारखा असतो. मी भार सप्लायच्या ८० टक्क्यांवर जाऊ देत नाही. ८६० भागिले ०.८, म्हणजे १,०७५. तेव्हा ११०० किंवा १२०० चा घ्या. हा पैसा वाया जात नाही. सप्लायमधले कपॅसिटर दहा अंश कमी तापले तर त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं.

तो १३० चा आकडा कुठून आला तेही बघा. बऱ्याच जुन्या एएमडी कार्डांवर सॉफ्टवेअर फक्त चिपची वीज दाखवतं, मेमरी आणि कार्डावरचा व्यय त्यात धरलेला नसतो. खरा आकडा प्रत्येक कार्डामागे कितीतरी वॅटनं जास्त निघतो. म्हणून भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर लावून मोजा. मीटर सप्लायच्या आत जाणारी वीज दाखवतो, तर सप्लायवर लिहिलेले वॅट बाहेर येणाऱ्या विजेचे असतात. ९० टक्के कार्यक्षमतेवर ८६० वॅट द्यायला सप्लाय भिंतीतून साधारण ९५५ ओढतो.

आणि लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यातले अॅम्पियर वाचा. मायनिंगमध्ये जवळपास सगळी वीज तिथूनच जाते. डब्यावर मोठ्या अक्षरात '१००० वॅट' आणि लेबलावर १२ व्होल्टला ६० अॅम्पियर असेल तर तो तुमच्यासाठी ७२० वॅटचाच सप्लाय आहे. लेबल वाचायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ नसलेल्या माणसाने चोवीस तास चालणारं यंत्र घरात ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'गोल्ड आहे, म्हणजे चांगलाच'

सप्लायवरचा ८० प्लसचा बिल्ला ('गोल्ड' ही त्यातलीच एक श्रेणी) फक्त कार्यक्षमता सांगतो. आतले भाग कसे आहेत, संरक्षण कसं आहे, वायर किती जाड आहे, यातलं काही त्यात नसतं. शिवाय ती चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते. रिगशेजारी एवढा गारवा क्वचितच असतो.

तरी कार्यक्षमतेकडे दुर्लक्ष करू नका. वरचाच रिग ८५ टक्क्यांच्या सप्लायवर भिंतीतून १,०१२ वॅट घेईल आणि ९२ टक्क्यांच्या सप्लायवर ९३५. फरक ७७ वॅटचा. वर्षाला सुमारे ६७५ युनिट. आपल्या दराने गुणून बघा, मग ठरवा कुठला सप्लाय महाग पडतो.

एसिकवाल्यांच्या चुका

एसिक म्हणजे फक्त मायनिंगसाठी बनवलेलं यंत्र. त्यातल्या अँटमायनर एस९ ला सप्लाय बाहेरून जोडावा लागतो. तीन हॅशबोर्ड (मायनिंगच्या चिपा असलेले बोर्ड), प्रत्येकाला सहा पिनचे तीन कनेक्टर, आणि कंट्रोल बोर्डाला एक. एकूण दहा. "दोन-दोन लावले तरी चालू होतो" असं सांगणारे भेटतात. चालू होतो, पण १,३०० वॅट नऊ कनेक्टरांत वाटले तर प्रत्येकातून बारा अॅम्पियर जातो आणि सहांत वाटले तर अठरा. नऊच्या नऊ लावा. एका हॅशबोर्डचे तिन्ही कनेक्टर एकाच सप्लायवर हवेत. एका बोर्डावर दोन सप्लाय कधीच नकोत, कारण त्यांचे व्होल्टेज तंतोतंत सारखे नसतात आणि ते एकमेकांशी भांडत बसतात. रायझर आणि त्याच्यावरचं कार्ड यांनाही हाच नियम.

या एस९ सोबत सर्रास वापरला जाणारा एपीडब्ल्यू३++ सप्लाय २२० व्होल्टच्या आसपास १,६०० वॅट देतो, पण ११० च्या आसपास १,२०० च. ११० व्होल्टवर त्याने पूर्ण वेगाचा एस९ ओढायची अपेक्षा धरू नका. सर्व्हर सप्लाय आणि ब्रेकआउट बोर्ड (त्या सप्लायला केबली जोडायची पट्टी) वापरणाऱ्यांनीही आपल्या व्होल्टेजवर सप्लाय किती वॅट देतो हे आधी तपासावं. सर्व्हर सप्लाय मला आवडतात, दणकट असतात, पण त्यांचा पंखा कानाला सोसत नाही आणि ते फक्त १२ व्होल्ट देतात, त्यामुळे एकट्यावर मदरबोर्ड चालत नाही.

एस१९ च्या पिढीत सप्लाय आतच येतो. तिथे निवडायची गोष्ट भिंतीतली वायर. एस१९ प्रो ३,२५० वॅट घेतो, म्हणजे २३० व्होल्टवर १४ अॅम्पियर. त्याला स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही. नेहमीच्या संगणकी केबलचं सी१३ टोक १० अॅम्पियरचं असतं, हेही लक्षात असू द्या.

थोडक्यात सांगण्यासारख्या

अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर रिग चालवणं. फ्रेमला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर रिग बंद करा आणि वायरमनला बोलवा.

सप्लायच्या पंख्याचं तोंड भिंतीला चिकटवून ठेवणं.

चार यंत्रं एकाच बटणावर एकदम चालू करणं. सुरुवातीच्या झटक्याने एमसीबी पडतो, मग लोक मोठा एमसीबी बसवतात. तो वायरीचं रक्षण करायला असतो. यंत्रं एकेक करून चालू करा.

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि जुन्या सप्लायचा बाजारात पूर आला. त्यातला घ्यायला हरकत नाही, पण कनेक्टर एकेक करून उजेडात बघा. पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळट किंवा फुगीर दिसलं तर तो सप्लाय परत.

नवा रिग चालू केल्यावर मी पहिले तीन तास जवळ बसतो. तापमान मोजायच्या इन्फ्रारेड बंदुकीने दर अर्ध्या तासाने प्रत्येक कनेक्टर बघतो. बाकीच्यांपेक्षा एखादा दहा अंशांनी जास्त दाखवत असेल तर रिग बंद करून तो कनेक्टर काढतो, पिना बघतो, पुन्हा घट्ट बसवतो. महिन्याने पुन्हा एकदा सगळे कनेक्टर दाबून बघतो. पंख्यांच्या थरथरीने एखादा हललेला असतोच.