दुधात फायबर घालताना दाटपणाकडे बघा

दुधात घातल्यावर कळतही नाही असं फायबर पिणाऱ्याला आवडतं, पण जेवणानंतर रक्तात चढणाऱ्या साखरेला त्यानं फारसा लगाम बसत नाही. लगाम बसतो तो दाटपणामुळे. पोटातला द्रव घट्ट झाला की जठर सावकाश रिकामं होतं आणि ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत उशिरा पोचतं. पोट भरल्यासारखं वाटण्यातही याचा मोठा वाटा आहे. म्हणून इसबगोल, बीटा-ग्लुकान (ओट्समधलं विरघळणारं फायबर) आणि गवार गम (गवारीच्या बियांची दाट करणारी पूड) ही कामाची मंडळी. इन्युलिन हे चिकोरीच्या मुळातलं फायबर आतड्यातल्या जिवाणूंचं चांगलं खाद्य आहे, पण ग्लासभर दुधात ५ ग्रॅम विरघळवलं तरी दूध पातळच राहतं. गव्हाचा कोंडा तर तळाशी जाऊन बसतो.

२५० मिलि दुधात स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, साधारण १२ ग्रॅम असते आणि ती तशीही हळूच चढते. फायबरचा खरा उपयोग सोबतच्या पिष्टमय जेवणाला होतो. पेय जेवणाबरोबर किंवा त्याच्या जरा आधी घ्या. दोन तासांनी घेतलं तर त्या जेवणापुरतं वाया गेलं.

सगळ्यात सोपा इसबगोल. झाकणाच्या बाटलीत आधी २५० मिलि थंड दूध ओता, वर ४ ग्रॅम भुसा भुरभुरवा, १०-१५ सेकंद जोरात हलवा आणि दोन मिनिटांत पिऊन टाका. वर एक ग्लास पाणी हवंच. भुसा हलका, पूड जड, त्यामुळे चमच्याच्या मापावर विसंबू नका; वजनकाटा वापरा. गरम दुधात किंवा आधी भुसा टाकून वरून दूध ओतल्यावर गुठळ्या होतात: बाहेरचा थर क्षणात फुगून बुळबुळीत होतो आणि आतला भुसा कोरडाच राहतो. अशी गुठळी घशात फुगून अडकू शकते, तेव्हा ती गिळू नका. पेय दहा मिनिटं राहून खिरीसारखं झालं तर आणखी दूध घालून सैल करा.

ओट्सला मात्र शिजवावं लागतं. २० ग्रॅम ओट्सचा कोंडा २५० मिलि दुधात मंद आचेवर पाच मिनिटं ढवळत शिजवा. निवताना तो आणखी दाट होतो. गाळू नका, बरंचसं बीटा-ग्लुकान चोथ्यातच राहून जातं. साध्या ओट्समध्ये ते जेमतेम ४ टक्के, कोंड्यात त्याहून जास्त. युरोपीय संघात जेवणानंतरची साखर कमी चढते असा दावा छापायला दर ३० ग्रॅम पचणाऱ्या कर्बोदकांमागे ४ ग्रॅम बीटा-ग्लुकान लागतं. हे बघता मूठभर ओट्सवर फार भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. तयार ओट पेयांत बहुधा विकरांनी (एन्झाइमांनी) पिष्टाची साखर केलेली असते. या कामाला ती नकोतच.

गवार गम फार जोरकस. २०० मिलि दुधाला १ ग्रॅम पुष्कळ झाला, सुरुवात अर्ध्या ग्रॅमने करा. कोरडा गम पाचपट दूध पावडरीत किंवा बिनसाखरेच्या कोकोत कालवून मिक्सर चालू असताना वरून सोडा. थोडा वेळ ठेवल्यावर खाली-वर दोन थर दिसले तर दूध नासलं असं समजू नका. गमच्या लांब साखळ्या दुधातल्या केसिन या प्रथिनाच्या कणांना एकमेकांकडे ढकलतात, म्हणून ते एकत्र गोळा होऊन बाकीच्या द्रवापासून वेगळे होतात. हलवा आणि प्या. करून ठेवू मात्र नका. सोडियम अल्जिनेट हा समुद्री शेवाळाचा गम दुधातल्या कॅल्शियमशी लगेच जेलीसारखा गोठतो, घरच्या प्रयोगात त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन चमचे साखर घातली की ८-१० ग्रॅमची भर पडली, आणि फायबर ती पुसून टाकत नाही. मध, खजूर यांचंही तेच. आंबट फळानं दूध फाटतं.

पहिला आठवडा निम्मंच प्रमाण ठेवा, नाहीतर पोट गुबारेल. औषधं आणि हे पेय यांत किमान दोन तास जाऊ द्या. थायरॉइडच्या गोळीला तर दूधही आड येतं, तिथे चार तास ठेवा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी, आतडं अरुंद असणाऱ्यांनी हे घेऊ नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम खाली गेल्यावर हे पेय कधीच नको, तेव्हा ग्लुकोज किंवा साखरेचं पाणीच द्यायचं.

उपयोग होतोय का, हे ग्लुकोमीटरवर पडताळा. तीच न्याहारी, तेवढंच दूध, एक दिवस फायबरसह आणि एक दिवस त्याविना. खाण्याआधी, पहिल्या घासापासून एका तासाने आणि दोन तासांनी मोजा. एकाच जोडीवरून निष्कर्ष काढू नका, आकडे रोज थोडे हलतात. दोन-तीन जोड्यांनंतरही फरक नसेल तर प्रमाण वाढवण्याआधी चमचा पेयात बुडवून उचला. पाण्यासारखं ठिबकत असेल तर फायबर बदला.