सरासरीखालची करडी रेघ

माझ्या प्रत्येक आकृतीत मेंदूच्या विद्युत प्रतिसादाच्या लाटेखाली एक करडी रेघ असते, त्याच मापात काढलेली. नवे विद्यार्थी विचारतात, ही कशाला? ती रेघ म्हणजे शेकडो नोंदींची सरासरी काढूनही मागे उरलेला नॉइज, प्रतिसादाशी संबंध नसलेली विद्युत हालचाल. ती नसली, तर वरच्या लाटेतला कुठला उंचवटा मेंदूचा आणि कुठला योगायोगाचा, हे ठरवायला माझ्याकडे फक्त डोळे उरतात. डोळ्यांवर माझा भरवसा फार पूर्वी उडाला.

सरासरीची युक्ती जुनी आहे. जॉर्ज डॉसन यांनी १९५१ साली त्यासाठी चक्क एक यंत्र बनवून दाखवलं होतं. उद्दीपन, म्हणजे आवाज किंवा प्रकाश, दिलं की मेंदूचा प्रतिसाद दर वेळी ठरावीक क्षणी येतो. बाकीची विद्युत हालचाल मात्र वाटेल तेव्हा. शेकडो ट्रायल, म्हणजे एकेका उद्दीपनाच्या नोंदी, एकावर एक ठेवल्या की प्रतिसाद टिकतो आणि नॉइज ट्रायलच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. एबीआरचंच घ्या, म्हणजे आवाजाला मस्तिष्कस्तंभाकडून येणारा प्रतिसाद. तिथे ट्रायलला स्वीप म्हणतात. एका स्वीपमधला नॉइज साधारण ४.५ मायक्रोव्होल्ट असेल, तर २००० स्वीपनंतर तो ०.१ मायक्रोव्होल्टवर येतो. ऐकू येण्याच्या उंबरठ्यापाशी त्या प्रतिसादातली पाचवी लाट जेमतेम तेवढीच असते. नॉइज अजून निम्मा हवा असेल, तर २००० च्या जागी ८००० स्वीप घ्यावे लागतात.

पण वर्गमुळाचा हिशोब दोन अटींवर चालतो: ट्रायलमधला नॉइज एकमेकांशी संबंध नसलेला हवा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच हवा. प्रत्यक्षात समोरचा माणूस पेंगतो, जबडा आवळतो, डोळे मिटतो. म्हणून उरलेला नॉइज सूत्रावरून गृहीत न धरता त्याच ट्रायलमधून मोजायचा.

सर्वांत सोपी पद्धत बहुतेकांना माहीत असते: उद्दीपनाआधीच्या १०० मिलिसेकंदांचा आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढा. मी ती वापरत नाही. बेसलाइन वजा करताना त्याच १०० मिलिसेकंदांची सरासरी आपण शून्यावर आणलेली असते. म्हणजे संथ नॉइज तिथे दबलेला असतो आणि उजवीकडे जावं तसा वर येतो. शिवाय मेंदूच्या १० हर्ट्झच्या अल्फा लहरीचं एक आवर्तन १०० मिलिसेकंदांचं. एका आवर्तनाकडे बघून तिचा काय अंदाज येणार?

त्यापेक्षा अधिक-उणे पद्धत बरी. हर्बर्ट शिमेल यांनी ती १९६७ साली मांडली. आर्टिफॅक्टने, म्हणजे मेंदूबाहेरून आलेल्या विद्युत गडबडीने, बिघडलेल्या ट्रायल काढून टाकल्यावर उरलेल्या क्रमाने लावा. संख्या विषम असेल, तर शेवटची सोडून द्या. मग एक आड एक ट्रायलचं चिन्ह उलटं करून सरासरी काढा. प्रतिसाद सगळ्या ट्रायलमध्ये सारखा असल्यामुळे अधिक आणि उणे मिळून तो शून्य होतो. नॉइजला मात्र चिन्ह उलटल्याने काही फरक पडत नाही, तो तेवढाच राहतो. हीच माझी करडी रेघ. तिचा आरएमएस ज्या खिडकीत तुम्ही लाट मोजणार त्याच खिडकीत काढा, आणि फिल्टरही तोच ठेवा. एकदा एकाने मला दोन आलेख दाखवले होते, वरचा ३० हर्ट्झच्या फिल्टरमधून काढलेला आणि खालचा १०० च्या. अशी तुलना करून काही कळत नाही.

ही रेघ हातात आली की प्रतिसादाची खरी ताकदही काढता येते. सरासरीच्या आरएमएसमध्ये प्रतिसाद आणि नॉइज दोन्ही असतात, आणि त्यांची बेरीज वर्गांत होते. सरासरी ०.५ आणि अधिक-उणे ०.३ मायक्रोव्होल्ट असेल, तर ०.२५ मधून ०.०९ वजा करून वर्गमूळ घ्या: प्रतिसाद ०.४. थेट वजाबाकी करून ०.२ लिहिणारे मी पाहिलेत, अगदी मुरलेले लोक.

अर्ध्या ट्रायल आधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या, असे दोन भाग वजा करू नका. प्रतिसाद हळूहळू सवयीने घटत असेल, तर ती घट त्या वजाबाकीत नॉइज बनून बसते. एक आड एक चिन्ह बदलण्याचं कारण हेच.

मात्र एक आड एकलाही सापळा आहे. एबीआरमध्ये क्लिकची ध्रुवता (हवेचा पहिला धक्का आत की बाहेर) अनेकदा आलटून-पालटून दिली जाते. तसं असेल, तर सगळ्या विषम ट्रायल एका ध्रुवतेच्या आणि सम ट्रायल दुसऱ्या ध्रुवतेच्या होतात. मग अधिक-उण्यात कॉक्लियर मायक्रोफोनिक (आंतरकर्णातून येणारा, ध्वनीचीच नक्कल करणारा विद्युत संकेत) आणि उद्दीपनाचा आर्टिफॅक्ट तसेच्या तसे जमा होतात आणि नॉइज फुगलेला दिसतो. अशा वेळी चिन्हं जोडीने बदला: दोन अधिक, दोन उणे.

याच्या उलट सापळा जास्त वाईट, कारण तो खोटा दिलासा देतो. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कॉर्टेक्सचा श्रवण-प्रतिसाद नोंदवत होते, बरोबर दर सेकंदाला एक स्वर, १२० ट्रायल. करडी रेघ सुंदर सपाट आली. वरच्या सरासरीवर मात्र बारीक काटेरी लहर होती, दर २० मिलिसेकंदांनी एक शिखर. मी करड्या रेघेच्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि ती लहर प्रतिसादाचाच भाग असणार, असं अहवालात लिहून मोकळी झाले. मार्गदर्शकांनी तांबड्या पेनाने फक्त '५०' लिहून कागद परत केला.

झालं होतं असं: ५० हर्ट्झच्या विजेची एका सेकंदात बरोबर ५० आवर्तनं होतात. त्यामुळे प्रत्येक ट्रायलमध्ये विजेची गुणगुण जवळजवळ त्याच जागी सुरू होत होती. सरासरीत ती टिकली, कारण ती प्रतिसादासारखीच वागत होती. अधिक-उण्यात ती पुसली गेली, कारणही तेच. चिन्हं यदृच्छ वाटली असती तरी फरक पडला नसता. अधिक आणि उणे समसमान आहेत तोवर ती कटणारच. वीजपुरवठ्याची वारंवारता जराशी हलत असते, म्हणून लांब नोंदणीत ही लहर थोडी पुसट होते. दोन मिनिटांत बरीच उरते. उलट, दोन उद्दीपनांमध्ये ९० मिलिसेकंद, म्हणजे साडेचार आवर्तनं, ठेवलीत तर सरासरीत ती कटेल आणि करड्या रेघेत पूर्ण दिसेल. थोडक्यात, ज्या नॉइजची उद्दीपनाच्या वेळेशी गाठ पडली आहे, त्याच्याबाबतीत ही पद्धत आंधळी आहे. इलाज नोंदणीच्या वेळीच करायचा: उद्दीपनांमधलं अंतर थोडं कमी-जास्त करत राहा, किंवा सेकंदाला १० ऐवजी ११.१ असा अडनिडा दर घ्या.

आता दुसऱ्या अटीकडे, म्हणजे सगळ्या ट्रायल सारख्याच शांत असण्याकडे. समजा ५०० स्वीप ४ मायक्रोव्होल्टच्या नॉइजचे आहेत आणि पुढचे ५०० स्वीप १२ च्या. सगळे हजार घेऊन साधी सरासरी काढली, तर उरलेला नॉइज ०.२८. गोंगाटाचे ५०० फेकून दिले, तर ०.१८. म्हणजे निम्मी माहिती टाकून निकाल सुधारला! दोन्ही गटांना त्यांच्या व्हेरियन्सच्या (नॉइजच्या वर्गाच्या) व्यस्त प्रमाणात वजन दिलं, तर ०.१७. फायदा किरकोळ वाटेल, पण वजन दिलं की कुठली ट्रायल ठेवायची आणि कुठली टाकायची यावरची निम्मी हुज्जत संपते. फक्त, करड्या रेघेलाही तीच वजनं द्या.

प्रतिसाद आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल, तर एबीआरमध्ये एफएसपी वापरतात. क्लाउस एल्बरलिंग आणि मॅन्युएल डॉन यांची १९८४ ची पद्धत. लाटेतला एकच क्षण निवडून ट्रायल-ट्रायलमध्ये तो किती हलतो ते बघायचं. त्या व्हेरियन्सला ट्रायलच्या संख्येने भागलं की सरासरीतला नॉइज मिळतो. सरासरीच्या लाटेचा खिडकीतला व्हेरियन्स त्याच्या किती पट आहे, ते गुणोत्तर म्हणजे एफएसपी. ते ३.१ च्या वर गेलं, तर ९९ टक्के खात्रीने प्रतिसाद आहे, असं त्यांनी मांडलं. पण ही खात्री एकदाच बघणाऱ्यासाठी आहे. दर २५० स्वीपनंतर डोकावून, आकडा ओलांडताक्षणी थांबलात, तर खोटे प्रतिसाद एक टक्क्याहून जास्त सापडणार. मी आधी नॉइजची मर्यादा ठरवते, तिथपर्यंत नोंदते आणि मगच गुणोत्तर बघते.

नॉइजचा आकडाही स्वतः हलता असतो, हे सहसा कोणी लिहीत नाही. एबीआरच्या १० मिलिसेकंदांत शेकडो बिंदू असले, तरी शेजारचे बिंदू एकमेकांसारखेच असतात. वरच्या एफएसपी पद्धतीत त्या खिडकीसाठी फक्त ५ स्वातंत्र्यमात्रा, म्हणजे जणू एकमेकांपासून स्वतंत्र असे ५च बिंदू, धरल्या आहेत. तेवढ्यावर काढलेला आरएमएस सहज ३० टक्के इकडेतिकडे होतो. म्हणून चिन्हं वेगवेगळ्या यदृच्छ क्रमाने वाटून मी काहीशे करड्या रेघा काढते आणि त्यांच्या वर्गांची सरासरी घेते. संगणकाला याचा घाम फुटत नाही.

पी३०० (उद्दीपनानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांपासून दिसणारी लाट) सारख्या रुंद लाटेसाठी सगळ्या आलेखाचा नॉइज कामाचा नाही. तुम्ही जो आकडा छापणार, त्याची चूक हवी. ३०० ते ५०० मिलिसेकंदांतली सरासरी उंची प्रत्येक ट्रायलसाठी काढा. ४० ट्रायलमध्ये तिचं प्रमाण विचलन (ट्रायलमधला फैलाव) १२ मायक्रोव्होल्ट आलं, तर चूक १२ भागिले ४० चं वर्गमूळ, म्हणजे १.९. शिखराची उंची मोजत असाल, तर हा सोपा भागाकार चालत नाही, ट्रायल पुन्हापुन्हा यदृच्छ उचलून बूटस्ट्रॅप करावं लागतं. शिवाय शिखर नेहमी नॉइजच्या वरच्या टोकाला जाऊन बसतं, त्यामुळे कमी ट्रायलच्या गटात ते आपोआप उंच दिसतं. गटांमधल्या ट्रायलची संख्या सारखी नसेल, तर मी शिखर मोजतच नाही.

आणि एक नोंद दर आठवड्याला, बाकी सगळं तसंच ठेवून: इअरफोनची नळी चिमट्याने बंद करून. तिची सरासरी आणि तिची करडी रेघ सारख्याच उंचीची यायला हवीत. वरची मोठी आली, तर त्या दिवशी मी कुणाला खुर्चीत बसवत नाही, आधी केबल तपासते.