एकट्या बाईवर कादंबरी लिहायचीय? मग आधी तिचं छप्पर बघा

बाई एकटी राहते आणि जुनं काहीतरी तिचा पिच्छा सोडत नाही, अशी कादंबरी डोक्यात घोळत असेल तर पहिल्याच प्रकरणात तिला खिडकीत बसवून रडवू नका प्लीज. आधी नेमकं काय झालं, कुठे झालं, कोणत्या साली, ते पक्कं करा. "तिच्या आयुष्यात एक मोठा आघात झाला होता" एवढ्या भांडवलावर दहा पानंसुद्धा निघत नाहीत.

उदाहरणाला किल्लारीचा भूकंप घेऊ. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात जवळपास ८ हजार माणसं गेली. आपली बाई तेव्हा विशीतली, नवरा आणि लेकरू गेलं, ती राहिली. आता पन्नाशी ओलांडलीय.

इथपर्यंत कुणालाही सुचेल, पण खरी कादंबरी सापडते ती घराच्या बांधकामात. तिकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाचे खण आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आणि ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायची, असं वर्षानुवर्षं थरावर थर. त्या रात्री भिंतीचे दगड आणि तीच सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. आता विचार करा, त्या उन्हाळ्यात मातीच्या पाट्या आपल्या बाईनेच डोक्यावरून वर नेल्या असतील तर? कुणी तिला कधी दोष दिलेला नाही, देणारही नाही, पण ती स्वतःला सोडत नाही. माझ्या मते असा एक ठोस सल मिळेपर्यंत लिहायला बसूच नये.

आणि मिळाला की लगेच सांगून टाकू नका, आधी तो तिच्या वागण्यात दिसू दे. म्हणजे असं, शेजारीण मिरच्या वाळत घालायला हिच्या स्लॅबवर जाते आणि ही अंगावर धावून जाते, "खाली उतर आधी! माज्या घरावर काय बी ठिवायचं न्हाई." शेजारणीला वाटतं बाई खवट आहे, वाचकालाही तसंच वाटू द्या, शंभर पानं वाटू द्या. पाट्यांचं नंतर कळेल तेव्हा त्याला मिरच्या आपोआप आठवतील, तुम्ही आठवण करून द्यायची नाही.

फ्लॅशबॅकचं म्हणाल तर अर्ध्या पानाच्या वर नको, आणि तोही हाताला काम चालू असताना. पीठ मळताना, अंगण झाडताना, आणि मध्येच कुणी हाक मारली की तुटला पाहिजे, कारण आठवणी काही प्रकरणं पाडून येत नाहीत.

कॅलेंडर मात्र नीट वापरा, इथे फार मोठा खजिना आहे. तारखेने ३० सप्टेंबर दरवर्षी ठरलेला, पण अनंत चतुर्दशी मागेपुढे होते, म्हणजे तिला वर्षातून दोनदा तो दिवस येतो, एकदा सरकारी श्रद्धांजलीचा आणि एकदा ढोलताशाचा. त्यात चतुर्दशी झाली की लगेच पितृपंधरवडा. आता घरात कर्ता पुरुष उरलेला नाही, तर नवऱ्याचं आणि लेकराचं पान कोण वाढणार? दिराकडे जाऊन हात जोडायचे, की स्वतःच वाढायचं आणि गावाला बोलू द्यायचं? या एका प्रश्नावर दोन-तीन प्रकरणं सहज उभी राहतात.

एकटी म्हणजे भोवती माणसंच नाहीत असं करू नका. रेशनवाला, बचत गट, आशाताई सगळे येतात-जातात. भूकंपानंतर ५२ गावं दुसरीकडे वसवली, रुंद सरळ रस्ते आणि जमिनीप्रमाणे २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची घरं, त्यात जुनी गल्ली पांगली, उंबऱ्याला उंबरा उरला नाही. तिचं एकटेपण या नकाशातून दाखवा, "ती एकाकी होती" हे वाक्य लिहायची वेळच येणार नाही. शिवाय आज कुणालातरी तिच्याकडून काहीतरी हवं असलं पाहिजे, समजा पुतण्याला घर नावावर करून हवंय आणि वर एक मजला चढवायचाय. झाला की नाही प्लॉट? वरचा मजला म्हणजे तिच्यासाठी काय, हे आता तुम्हाला माहितीय.

निवेदन तृतीयपुरुषी पण तिला चिकटून ठेवा असं मी सुचवेन. "मी"मध्ये लिहिलं तर पाट्यांची गोष्ट एवढी पानं लपवणं जड जातं, आणि वाचकाला शेवटी फसवल्यासारखं वाटतं.

माहिती काढायला गेलात तर लोकांना त्या रात्रीबद्दल थेट विचारू नका. जुनं घर किती खणांचं होतं, चूल कुठे होती, बैल कुठे बांधायचे एवढंच विचारा, पुढचं ज्याला सांगायचंय तो सांगेल. आणि जे सांगेल ते जसंच्या तसं उचलून छापू नका, ते त्याचं दुःख आहे. खर्डा झाला की संवाद तेवढे औसा-उमरग्याकडच्या एखाद्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा आणि ती म्हणेल तिथे बदला.